दोरावरचा शेवटचा माणूस

जेनिसने ट्रेव्हरच्या शर्टाच्या खिशावर लाल सॅटिनचं फूल टाचलं आणि म्हणाली, "वेलकम अंकल, तुमची खुर्ची पुढच्या रांगेत ठेवलीय." टाचताना पिन किंचित आत, कातडीला लागली. ट्रेव्हर हसला. चौपन्न वर्षांत या मैदानावर त्याला कुणी वेलकम म्हटलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. आपल्याच घराच्या मोरीत शिरताना कुणी वेलकम म्हणतं का? जेनिस त्याच्या पुतण्याची बायको. वसईहून लग्न करून आली त्याला दोन वर्षं झाली होती. तिच्या हातातल्या ताटात तशी आणखी सात-आठ फुलं होती आणि एक यादी होती. यादीतल्या नावापुढे तिने पेनाने बरोबरची खूण केली आणि ती पुढच्या माणसाकडे वळली. पोरीची काही चूक नव्हती. तिला दिलेलं काम ती चोख करत होती. तरीही ट्रेव्हरला वाटलं, की कुणीतरी भर मैदानात आपल्याला थोबाडीत दिली आहे आणि वर थंड सरबत विचारलं आहे.

मैदान म्हणजे तरी काय, अंधेरीच्या त्या गावठाणात उरलेला एक तुकडा. एका बाजूला विहीर, एका बाजूला कुरूस, म्हणजे दगडी क्रूस, तिसऱ्या बाजूला टॉवरची भिंत आणि चौथ्या बाजूने गल्ली, गल्लीला लागून चॅपल. पण मे महिन्यात नऊ दिवस त्या तुकड्याला गावाची कळा येई. रोज संध्याकाळी कुरसापाशी लादीन व्हायचं, म्हणजे सगळे मिळून गाऊन प्रार्थना करायचे, मग उकडलेले चणे वाटायचे आणि मग पोरांचे खेळ. शेवटच्या रविवारी मोठ्यांचे. त्यातही सगळ्यात शेवटी रस्सीखेच, वरची पाखाडी विरुद्ध खालची पाखाडी. पाखाडी म्हणजे आळी, आणि दोन आळ्यांमध्ये अंतर किती, तर एका घरात कांदा तळला की दुसऱ्या घरात शिंक यावी एवढं. पण त्या दिवशी हे अंतर समुद्राएवढं व्हायचं. सख्खे साडू तोंड फिरवून उभे राहायचे. बाहेरच्यांना यातलं काही कळत नसे, आणि कळू नये अशीच गावाची इच्छा असावी. म्हणून त्यांना पुढे खुर्च्या देत, फूल लावत, पाणी विचारत. गावच्या माणसाला खुर्ची कधीच मिळत नसे. तो विहिरीच्या कठड्यावर, नाहीतर कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावून उभा असायचा. ट्रेव्हर खुर्चीत बसला तेव्हा शेजारी मागच्या टॉवरचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश होते. ते आपले मोठ्या आपुलकीने म्हणाले, "तुम्ही पण पहिल्यांदाच आलात का?"

"नाही, तसा येऊन जाऊन असतो," ट्रेव्हर म्हणाला आणि आपण असं का म्हणालो याचंच त्याला आश्चर्य वाटलं. बायको ऑलिव्ह मागे बायकांच्या घोळक्यात केव्हाच मिसळून गेली होती. तिला असल्या गोष्टी लागत नसत. फूल तिलाही लावलं होतं. तिने ते केसात खोचलं होतं आणि वर सगळ्यांना दाखवत होती. ट्रेव्हर उठला. शेर्विन, त्याचा पुतण्या, या वर्षी खेळांचा सेक्रेटरी होता. गळ्यात शिट्टी, हातात वही. ट्रेव्हरने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "टीम लिहिलीस का रे? मी टोकाला ना?" शेर्विनने वहीतून मान वर काढली आणि त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "अंकल, यार... मी तुम्हाला फोन करणार होतो. तुम्ही गेस्टमध्ये आहात ना यावर्षी. म्हणजे रूल आहे ना तसा." "कुठला रूल?" ट्रेव्हरने विचारलं. शेर्विनने वहीचं पहिलं पान उघडलं. पान पिवळं पडलं होतं, कोपऱ्यावर चहाचा डाग होता. 'दोर धरणाऱ्याने गेला पावसाळा गावात काढलेला असला पाहिजे.' खाली सही होती. ट्रेव्हरची सही, तरुणपणाची, शेपटी लांब ओढलेली. "तुमचाच रूल आहे," शेर्विन म्हणाला. त्यात खोच नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. ट्रेव्हरला खोच असती तर बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

त्याने हिशोब करून पाहिला. गेल्या जूनमध्ये ते कांदिवलीला राहायला गेले. आई गेली, भावाची पोरं मोठी झाली, ऑलिव्हला तो लाकडी जिना चढवेना, आणि लिफ्ट असलेल्या घराचं स्वप्न ती पंधरा वर्षं बघत होती. टेम्पोत सामान चढलं तेव्हा दोन सरी पडून गेल्या होत्या, हे त्याला नक्की आठवत होतं, कारण गादी भिजली होती. दोन सरी म्हणजे पावसाळा सुरू झालाच की. नियमात अख्खा पावसाळा असं कुठे लिहिलंय? चौपन्न वर्षांचा माणूस, एका कंपनीत सतरा जणांचा साहेब, आणि मैदानाच्या कडेला उभा राहून दोन सरींचा वकिली मुद्दा मनात घोळवत होता. मग त्यालाच त्याची लाज वाटली. कारण तो नियम कसा आणि कशासाठी झाला हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती.

दोर वर्सोव्याच्या एका होडीचा होता, मनगटाएवढा जाड, काथ्याचा. आदल्या दिवशी तो विहिरीत बुडवून ठेवायचे, म्हणजे हाताला कमी लागतो आणि जड होतो. ट्रेव्हरने पहिल्यांदा धरला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याची जागा होती शेवटून दुसरी. शेवटचा ऑगस्टीन. नात्याने चुलतभाऊ, वयाने सोळा वर्षांनी मोठा, खाडीकडच्या शेतात राबून अंग कमावलेला शेवटचा माणूस त्या गावातला. दोराचं टोक तो खांद्यावरून घेऊन कमरेला वळवायचा, अनवाणी टाचांनी जमिनीत दोन खड्डे करायचा आणि त्यात असा बसायचा की वाटावं, हा आता पुढच्या मे महिन्यापर्यंत उठत नाही. दहा वर्षं ट्रेव्हरच्या मानेवर त्याचा श्वास होता. तंबाखूचा, घामाचा आणि घरच्या मसाल्याचा मिळून एक वास. ऑगस्टीन ओरडत नसे. फक्त दर दोन श्वासांनी हलकेच म्हणायचा, "बस... बस... आता." त्या "आता"वर आठ माणसं एकदम मागे जायची. आणि जिंकल्यावर बायकापोरं ओरडायची ती एकच नाव. आठ माणसांनी ओढलेला दोर, पण नाव एकाचं. हे ट्रेव्हरला पहिली पाच वर्षं आवडलं. सहाव्या वर्षी खटकलं. नंतर खुपायला लागलं. ऑफिसात बसल्या बसल्या तो टेबलाखाली टाचा दाबायचा. रात्रीच्या जेवणाला बसलेला असताना कमरेभोवती त्या ओल्या काथ्याचा वेढा त्याला जाणवायचा. दुसरं काही नको होतं. बढती नको, मोठी गाडी नको. टोकाला आपण असावं, सगळ्यांचं ओझं शेवटी आपल्या कमरेवर यावं, एवढीच हौस. एवढ्याशा हौसेसाठी माणूस किती हलका होऊ शकतो, हे ज्याला हौस नाही त्याला सांगून कळायचं नाही.

मग एका पावसाळ्याच्या तोंडाला ऑगस्टीन भाईंदरला राहायला गेला. पुढच्या एप्रिलमध्ये कमिटीची बैठक झाली, चॅपलच्या व्हरांड्यात. ट्रेव्हर तेव्हा सेक्रेटरी. तीन दिवस बसमध्ये येता-जाता त्याने ते वाक्य घोटलं होतं. भाईंदरचं नाव घ्यायचं नाही, कुणाचंच नाव घ्यायचं नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, बाहेर गेलेले आपलेच आहेत, पण पावसात जो इथे राहतो, गटार तुंबलं की काठी घेऊन उतरतो, विहिरीवर पत्रा धरतो, दोर त्याचा. शब्द चांगले जमले होते. त्यात खरंही बरंच होतं आणि तीच त्यातली वाईट गोष्ट होती. सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. आणि मग पहिला हात वर झाला तो ऑगस्टीनचा. भिंतीला टेकून तो मागे बसला होता. त्याने हात वर केला, आळस द्यावा तसा, आणि म्हणाला, "बरोबर हाय. लिव्हून टाक." ट्रेव्हरने लिहून टाकलं. घरी जाताना त्याने स्वतःला समजावलं, की त्याला काही कळलं नाही, भोळा माणूस, किंवा तोही आता थकला असेल. त्या मे महिन्यात दोराचं टोक ट्रेव्हरच्या कमरेला आलं. काथ्याने कातडी सोलली, आठवडाभर त्याला कुशीवर झोपता आलं नाही, आणि तो आठवडा त्याच्या आयुष्यातला फार सुखाचा होता. हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याला सतरा वर्षं झाली. ऑगस्टीन लग्नकार्यात भेटायचा, मयताला भेटायचा, मिठी मारायचा, "दोर काय म्हणतो?" विचारायचा. ट्रेव्हर दर वेळी त्या प्रश्नात काटा शोधायचा आणि दर वेळी तो सापडायचा नाही. मे महिन्यातल्या रविवारी मात्र ऑगस्टीन त्याला मैदानावर कधी दिसला नाही. रागावला असेल, बरंच आहे, असं ट्रेव्हरने धरून ठेवलं होतं. रागावलेल्या माणसाचं ओझं वाटत नाही. त्याचं आणि आपलं फिटल्यासारखं होतं.

आता मैदानावर कुजबुज सुरू झाली होती. अशा गोष्टी पसरायला गावात दोन मिनिटं लागतात. खालच्या पाखाडीची पोरं शेर्विनभोवती जमली. "अरे, ट्रेव्हर अंकल नाय तर वाट लागली आपली, टोकाला कोण, तू?" "रूल काय, कोण बघतंय?" वरच्या पाखाडीचा एक जण दिलदारपणे ओरडला, "घ्या रे त्याला, तसाही म्हातारा झालाय!" हशा पिकला. शेर्विन शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "अंकल, आपण जेनेव्हिव्ह मावशीला विचारू. ती हो म्हणाली तर फायनल. तिच्यापुढे कोण बोलणार?" जेनेव्हिव्ह मावशी चॅपलच्या पायरीवर चण्यांचं पातेलं घेऊन बसली होती. वय ब्याऐंशी, त्या बैठकीला हजर असलेल्यांपैकी त्याच्याखेरीज तीच एक आज मैदानावर होती. ट्रेव्हर तिच्याकडे निघाला. तीस पावलांचं अंतर, आणि त्या तीस पावलांत त्याला हवं ते सगळं त्याच्या हाताशी आलं होतं. मावशी हो म्हणणार हे उघड होतं. तिने त्याला लहानपणी न्हाऊ घातलं होतं. पाच मिनिटांत तो अनवाणी होऊन टाचा रोवणार होता. पण त्याची पावलं मंदावली. त्याच्यासाठी नियम मोडला की मग तो नियम राहणार नव्हता. मग उरणार होतं एवढंच, की सतरा वर्षांपूर्वी एका माणसाला दोरावरून उठवायचं होतं आणि ते काम झालं. इतकी वर्षं तो नियम होता म्हणून ट्रेव्हर बरा माणूस होता.

मावशीने न विचारता वर्तमानपत्राच्या पुडीत चणे भरले आणि त्याच्या हातात दिले. "कवा आलास रे?" तिने विचारलं. "फूल लय झकास लावलंय. नवरदेव दिसतोस." तो पायरीवर तिच्या शेजारी बसला. "मावशी, पोरं म्हणतात मी दोर धरावा. तू हो म्हटलंस तर." "मंग धर की. तुझाच नेम, तूच मोड. मला काय विचारतोस?" चणे गरम होते. त्याने एक तोंडात टाकला. आणि मग तो बोलून गेला. अगदी सरळ, कुणी जबानी देतं तशा कोरड्या आवाजात. "मावशी, तो नियम गावासाठी नव्हता. मला टोकाची जागा पाहिजे होती. ऑगस्टीनला काढायला मी तो केला."

मावशीने पातेल्यात पळी फिरवली. "ठाऊक हाय," ती म्हणाली.

"तुला?"

"सगळ्यांना. तवाच. व्हरांड्यात बसलेल्या पोरालासुदिक कळलं असतं. तू काय असा शाना लागून गेलास?" ती हसली, तिच्या हसण्यात दुष्टावा नव्हता. "मी उठणार होते बोलायला. ऑगस्टीनने माझा पदर धरून खाली बसवलं. मग हात वर केला त्याने. मी नंतर शिव्या घातल्या त्याला. तर म्हणतो कसा, ट्रेव्हरचा डोळा दोन वर्सं टोकावर हाय, मला मानेवरनं कळतं. नुस्तं मागितलं असतं तरी दिलं असतं मी." मैदानावर कुणीतरी माइकची चाचणी घेत होतं. मावशी पुढे बोलत राहिली, कारण तिला ही गोष्ट इतकी जुनी आणि मिटलेली वाटत होती की त्यात थांबण्यासारखं काही नव्हतं. "आणि यायचा की तो. दर साली. दोन वर्सं झाली, गुडघे गेले म्हणून नाय येत. तुझ्या बराबर मागे उभा राहायचा, विहिरीपाशी. शिट्टी झाली की जायचा तिथे, दोर संपला की माझ्याकडे चणे खायचा नि तू यायच्या आत पळायचा."

"मला कधी दिसला नाही."

"कसा दिसंल? टोकाच्या माणसाला मागचं दिसतं व्हय? मी म्हटलं, भेट तरी. तर म्हणे, मला बघितलं तर ओशाळेल बिचारा, वर्साची मजा जाईल त्याची."

ट्रेव्हरने पुडी घट्ट मिटली. त्याला रडू आलं नाही, रडू आलं असतं तर सोपं झालं असतं. त्याला एवढंच कळलं, की पंधरा वर्षं आपण टाचा रोवून जे एकट्याने पेललं असं समजत होतो, ते सगळं कुणीतरी आपल्या मागे उभं राहून, माफ करून, पाहत होतं. आणि त्या माणसाला साधा रागसुद्धा आला नव्हता, तोही आपणच त्याच्या नावावर चढवून ठेवला होता. मावशीने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "जा. बोलावतायत बघ."

शेर्विन खरंच हात हलवत होता. दोर मैदानावर आडवा पडला होता, ओला, काळपट. सात पोरं आपापल्या जागी उभी होती आणि खालच्या पाखाडीचं टोक मोकळं होतं. "अंकल, मावशी हो म्हणाली ना? या पटकन!" ट्रेव्हर जवळ गेला. त्याने वाकून दोराचं टोक उचललं. त्याचं वजन हाताला ओळखीचं लागलं आणि एक क्षण, खोटं कशाला बोला, त्याची कंबर आपोआप वळली. मग त्याने ते टोक शेर्विनच्या खांद्यावर ठेवलं. "तू धर. मी गेल्या पावसाळ्यात गावात नव्हतो." "अंकल, पण मला जमणार नाय!" "जमतं," ट्रेव्हर म्हणाला. "बूट काढ. टाचेने खड्डा कर. कुणी ओरडलं तरी तू ओरडू नकोस." शेर्विनने शिट्टी काढून कुणाकडे तरी दिली आणि बूट काढले. पुढच्या रांगेतून चंद्रप्रकाश हात करून सांगत होते की खुर्ची धरून ठेवली आहे.

ट्रेव्हर तिकडे गेला नाही. तो शेर्विनच्या मागे चालत गेला, विहिरीच्या कठड्यापर्यंत, आणि तिथे टेकून उभा राहिला. कठडा दिवसभराच्या उन्हाने तापला होता. शिट्टी झाली. दोर ताठ झाला, त्यातून पाणी निथळलं, दोन्ही बाजूंनी आरडाओरडा उठला. इथून त्यातलं काहीच धड दिसत नव्हतं. दोराच्या मधला लाल रुमाल दिसत नव्हता, समोरची टीम दिसत नव्हती, पुढच्या सात जणांची फक्त डोकी हलताना दिसत होती. दिसत होती ती एकट्या शेर्विनची पाठ. शर्ट घामाने चिकटलेला, मणके वर आलेले, डावी टाच खड्ड्यातून सुटत चाललेली. "टाच," ट्रेव्हर पुटपुटला. "बस... बस..." शेर्विनला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. एकदम मोठा जल्लोष झाला, पाठ खाली गेली आणि धुळीत दिसेनाशी झाली. ती मागे पडली की पुढे ओढली गेली, कोण हरलं, कोण जिंकलं, हे त्याला तिथून कळलं नाही, आणि पंधरा वर्षं हेच पाहायला एक माणूस भाईंदरहून येत होता.